कोपऱ्यातला पाहुणा

या रविवारी लेकीचं, सुनयनाचं, लग्न ठरलं नाही तर नाव बदलेन, असं अनुसयाबाईंनी सें पिएर गावच्या बाजारात चार जणींसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं. मुलगा गुडलँड्सचा, सरकारी कचेरीत कारकून. बाईंनी घर लख्ख केलं. वादळानंतर टाकलेले छपराचे नवे पत्रेसुद्धा नवऱ्याकडून, म्हणजे देवराजकडून, पुसून घेतले. पुसून न निघणारी घरात एकच गोष्ट उरली होती. चंद्रमोहन!

हा प्राणी पुण्याहून आला होता. मॉरिशसची मराठी माणसं कशी राहतात यावर त्याला पुस्तक लिहायचं होतं, म्हणून तो यांच्याच घरी मुक्कामाला होता. त्याचा नियम एकच. लोकांना त्यांच्या मनासारखं वागू द्यायचं, मध्ये पडायचं नाही, नुसतं बघायचं आणि टिपायचं. परवा चुलीवरचं दूध उतू गेलं, तर हा शेजारी बसून बघत राहिला. म्हणे, हात लावला असता तर घडणारी गोष्ट बदलली असती. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, तेवढ्यासाठीच तर हात लावायचा असतो!

रविवारी परसात बसा, असं त्यांनी त्याला दहादा बजावलं. त्यानं मानही डोलावली. पण पुढच्या खोलीत मुलगी बघण्याचा कार्यक्रम आणि हा परसात बसणार? पाहुणे टेकले तोच इस्त्रीचा सदरा घालून गडी कोपऱ्यातल्या खुर्चीत हजर.

सुनयना चहा घेऊन आली. सत्यदेवनं, म्हणजे मुलानं, वर बघितलं आणि तो चक्क हसला. तीही लाजली. बाईंनी मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला. पण मुलाची आई इंद्राणी नजरेची पक्की. पोरीनं सगळ्यांना साखर विचारली, कोपऱ्यातल्या माणसाला मात्र न विचारता बिनसाखरेचा कप दिला. रोजची सवय, दुसरं काय! इंद्राणीचा कप ओठांपाशीच थांबला. घरात लग्नाची मुलगी, कोपऱ्यात तरणाबांड माणूस, आणि हिला त्याची साखर पाठ?

"हे कोण?" तिनं विचारलं.

देवराज तोंड उघडणार, तेवढ्यात चंद्रमोहननं हात जोडले. "मी इथं नाहीच असं समजा. तुमचं चालू द्या."

"आयो! एकाला आधीच बसवून ठेवलाय आणि आम्हाला दोनदा बस बदलून बोलावलं! नू आले, सत्यदेव, चल निघू." मुलाला ओढत ती निघालीच.

सुनयनाचे डोळे भरून आले. बाईंनी ते बघितलं आणि त्यांचा ताबा सुटला. त्या इंद्राणीच्या मागे धावल्या नाहीत, थेट कोपऱ्यात गेल्या.

"मुडद्या! माझं दूध उतू जाताना बघत बसलास, आता माझ्या पोरीचं नशीब उतू चाललंय तेही बघत बसणार? फुकटचा भात गिळतोस, दात दुखतो म्हणून बिनसाखरेचे नखरे करतोस, आणि वर तुझे पायमोजे मी धुवायचे! तू नाहीसच म्हणतोस? मग जेवताना कसा असतोस रे, मेल्या?"

चंद्रमोहन टिपणं छातीशी धरून भिंतीला चिकटला. आणि दारात गेलेली इंद्राणी परत फिरली. ती हसत होती.

"होणाऱ्या जावयाला कुणी मुडद्या म्हणत नाही," ती खुर्चीत बसत म्हणाली. "चहा गार झाला, दुसरा आणा."

संध्याकाळपर्यंत सगळं ठरलं. पाहुणे बसमध्ये बसले आणि बाई चंद्रमोहनची ट्रंक बाहेर काढायला वळल्या. देवराजनं हात धरला. चंद्रमोहनला आत्ता हाकललं तर लोक म्हणतील, काहीतरी होतंच. शिवाय लग्नाआधी इंद्राणीच्या नातेवाईक बायका घर बघायला येणार होत्या. आणि जाता जाता ती हळूच सांगून गेली होती, त्यांच्यासमोरही त्याला असंच बोला, म्हणजे कुणाला शंका नको. म्हणजे लग्न होईपर्यंत तो इथंच!

दुसऱ्या दिवशी बाई चुलीपाशी गेल्या, तर चंद्रमोहन पेन्सिलीला टोक करून आधीच तिथं बसलेला.

"काकी, आजच्या शिव्या कधी देणार?"

जन्मात पहिल्यांदा अनुसयाबाईंना शब्द सुचेना. मेल्यानं तेही टिपून घेतलं.