शिशाचे पत्रे आणि वटारचा घड

मेलरॉयला स्वतःच्या हुशारीचा आजार होता, आणि त्यावर औषध घ्यायची त्याची तयारी नव्हती. वसई पूर्वेला एका सेंटरमध्ये तो पेट स्कॅनचं जुनं मशीन चालवायचा. पेशंटचं शरीर किती किरण गिळतं हे मोजायला ते मशीन आधी एका बाजूने किरण सोडतं आणि पलीकडे पकडतं. सरळ आले तर चित्र स्वच्छ. पण काही किरण वाटेत कशाला तरी धडकतात आणि भलतीकडूनच उगवतात. याला स्कॅटर म्हणतात, त्याने चित्रावर धुरळा बसतो. "लग्नाला निघालेला पाहुणा चार घरी चहा पिऊन मागच्या दाराने येतो ना, तसं," असं तो लोकांना समजावायचा, कोणी विचारलेलं नसलं तरी.

डॉक्टर ज्ञानदा मॅडम आठवडाभर रजेवर होत्या. आल्या की मेलरॉयची नोकरी पक्की करायची की नाही ते ठरणार होतं. म्हणून त्याच्या वडिलांनी, फ्रेडरिकनी, वटार गावातल्या आपल्या वाडीतला केळ्यांचा भलामोठा घड मॅडमसाठी दिला. बाहेर तो चार दिवसांत काळा पडला असता. थंड जागा एकच, मशीनची खोली. तिच्या दारावर 'आत खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी होती. ती मेलरॉयनेच लावलेली. पण कच्चं केळं हा खाद्यपदार्थ कुठे, असा बिनतोड मुद्दा काढून त्याने घड मशीनच्या मागच्या तोंडाशी, एसीखाली, स्टुलावर नेऊन ठेवला.

मॅडम नसल्यामुळे स्कॅन बंद होते. दुसऱ्या दिवशी नुसता पाण्याचा डबा ठेवून त्याने चाचणी घेतली, तर चित्रावर धुरळा. वाईट वाटायच्या ऐवजी त्याला आनंदच झाला. हा स्कॅटर आपण संपवायचा! त्याने सातिवलीला मित्राच्या, स्टॅनीच्या, कारखान्यातून किरण अडवायला शिशाचे पत्रे कापून आणले आणि मशीनच्या तोंडाला लावले. धुरळा तसाच. आणखी पत्रे लावले. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, साफसफाई करणाऱ्या हंसामावशींना बांगड्या काढायला लावल्या, खुर्ची बाहेर ठेवली. घडाकडे मात्र त्याचं लक्ष जाईना. घरचा माणूस कोणाला संशयित वाटतो?

रात्री जेवताना पत्र्यांचं वर्णन ऐकून फ्रेडरिक धन्य झाले. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर अर्ध्या वटारला कळलं होतं की मेलरॉयने किरणांना वळण लावलं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

मॅडम आल्या त्या सकाळी त्याने देवाचं नाव घेऊन डबा ठेवला. चित्र आरशासारखं लख्ख! मेलरॉयचे डोळे भरून आले. मॅडमही खूष झाल्या. पुण्याच्या परिषदेत हे मांडा, म्हणाल्या. मग सहज म्हणाल्या, "आता पत्रे काढून दाखवा. फरक दिसला पाहिजे ना."

पत्रे निघाले. चित्र आणखी स्वच्छ आलं.

"म्हणजे पत्र्यांनी बिघडतच होतं," मॅडम म्हणाल्या. "मग सुधारलं कशाने? आज खोलीत काय बदललं?"

मेलरॉय खोलीभर नजर फिरवू लागला. तेवढ्यात हंसामावशी ताट घेऊन आल्या. "मॅडम, केळी घ्या. सरांनी तुमच्यासाठी मशीनमागे ठेवली होती. सकाळी बघते तर पिकून घमघमाट सुटलेला, म्हणून घड बाहेर काढला. वॉचमनला पण दिली."

मॅडमनी एकदा ताटाकडे, एकदा दारावरच्या पाटीकडे आणि मग मेलरॉयकडे पाहिलं. केळं सोलत त्या म्हणाल्या, "नोकरी पक्की. आठवडाभर एवढे कष्ट घेणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही. फक्त यापुढे आधी खोली झाडायची, मग विज्ञान."

संध्याकाळी घरी आल्या आल्या फ्रेडरिकनी विचारलं, काय झालं. खोटं बोलायचं त्राण मेलरॉयमध्ये उरलं नव्हतं. "पत्र्यांनी काही झालं नाही, पप्पा. सगळा फरक आपल्या केळ्यांनी पडला."

 फ्रेडरिक कोयता घेऊन वाडीकडे निघाले.

"पप्पा, कुठे?"

"मशीनला दुसरा घड नको का?"