रांगेतली बाभूळ

"त्यात काय आहे, मी करतो की," हे वाक्य श्रीमंतराव आयुष्यात फार वेळा बोलले नव्हते. लातुरातल्या एका कॉलेजचं ग्रंथालय चाळीस वर्षं सांभाळताना "बघतो", "विचारून सांगतो" आणि "सध्या तरी नाही" यापलीकडे त्यांची मजल गेली नव्हती. त्यामुळे एका मंगळवारी संध्याकाळी नातीला फोनवर ते वाक्य बोलून गेल्यावर त्यांचे तेच दचकले. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो असा की, काय करायचं आहे ते आपण नीट ऐकलंच नाही.

काम तसं साधं होतं. नात गीतांजली नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होती. 'काळा किल्ला' नावाच्या ऑनलाइन खेळात ती दोन वर्षं 'बाभूळ' या नावाने लढत आली होती, आणि खेळणाऱ्या पोरांत या बाभळीचा म्हणे चांगलाच दरारा होता. त्या खेळाचा नवा भाग पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी अकराला सुरू होणार होता. जुन्या खेळाडूंची नावं कंपनीने दुपारी दोनपर्यंत राखून ठेवली होती. तेवढ्या वेळात आत जायचं आणि आपलं नाव पक्कं करायचं. दोन वाजले की ते नाव जगातल्या कुणीही उचलावं.

गीतांजलीचा पेपर नेमका अकरा ते दोन होता. तिच्या मैत्रिणींनी हे काम आपापल्या धाकट्या भावांवर सोपवलं होतं. गीतांजलीला धाकटा भाऊ नव्हता. आजोबा होते.

"पाच मिनिटांचं काम आहे, आजोबा. पण बाभूळ गेली तर माझी दोन वर्षं गेली."

ती एवढंच म्हणाली. हॉस्टेलच्या फॉर्मचं तिने नाव काढलं नाही, आणि म्हणूनच श्रीमंतरावांना तो आठवला. पहिल्या वर्षी तिचा फॉर्म भरायला ते विष्णुपुरीच्या रांगेत उभे होते. मागे कडेवर लेकरू घेतलेली एक बाई होती, तिला त्यांनी पुढे जाऊ दिलं. मग एका म्हाताऱ्याला जाऊ दिलं. मग हिमायतनगरहून दोन बस बदलून आलेल्या एका पोराला. मग खिडकी बंद झाली. गीतांजलीने सहा महिने एका कोंदट खोलीत काढले आणि त्यावरून आजोबांना एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटे.

बुधवारी सकाळी साडेनऊलाच ते आंघोळ करून लॅपटॉपसमोर बसले. पत्नी नागाबाई चाकूरला बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे घरात धीर द्यायला कुणी नव्हतं आणि हसायलाही कुणी नव्हतं. मागच्या रविवारी गीतांजलीने येऊन खेळ लॅपटॉपवर उतरवून ठेवला होता. सगळ्या पायऱ्या एका कागदावर लिहून दिल्या होत्या. श्रीमंतरावांनी त्याची समास सोडून सुवाच्य प्रत केली होती, आणि त्या प्रतीची आणखी एक प्रत.

अकराच्या ठोक्याला त्यांनी बटण दाबलं. एक काळा दरवाजा दिसला. दरवाजा उघडला नाही. त्याखाली अक्षरं आली: 'सर्व्हरवर गर्दी आहे. रांगेतला तुमचा क्रमांक ६३,४१२.'

श्रीमंतरावांनी कागद पाहिला. ही पायरी कागदावर नव्हती. दुसऱ्या प्रतीतही नव्हती.

आपल्याच हातून काहीतरी मोडलं, अशी त्यांची खात्री झाली. तेवढ्यात दारात करीमभाई उभे राहिले. करीमभाईंच्या घरी तीन पिढ्या पुस्तकांची बांधणी चालत आलेली. श्रीमंतराव ग्रंथालयात होते तोवर पुस्तकं बांधायला यायचे, आता पेपर वाचायला यायचे.

"काय सर, तोंड का असं झालंय?"

श्रीमंतरावांनी सगळं सांगितलं. करीमभाईंनी चष्मा पुसून पडदा निरखला.

"खेळ तुमच्या मशीनमदीच हाय ना?"

"हो. उतरवायला अख्खा दिवस लागला."

"मग लाईन कशाची?"

"आत जायला कंपनीची परवानगी लागते. दर वेळी. एकट्याने खेळायचं असलं तरी."

करीमभाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "म्हंजे पुस्तक तुमच्या कपाटात, आणि उघडायचं झालं की चावी मागायला इलायतेला जायाचं?"

"तसंच काहीसं."

"असं पुस्तक म्या जन्मात बांधलं नसतं," करीमभाई म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

खाली बारीक अक्षरांत आणखी एक सूचना होती. दहा मिनिटं काहीच हालचाल दिसली नाही, तर रांगेतून काढून टाकण्यात येईल. ती वाचल्यापासून श्रीमंतराव दुधाच्या पातेल्यात चमचा फिरवावा तसा माउस फिरवू लागले. दहा मिनिटांचं ते दहा सेकंदांनी करू लागले. साडेअकराला त्यांना संडासला जाण्याची गरज वाटली. ती त्यांनी वीस मिनिटं दाबून ठेवली आणि मग माउस करीमभाईंच्या हाती दिला. जाताना तीनदा मागे वळून पाहिलं.

परत आले तर करीमभाई एका बाजूला आणि माउस सिद्धम्मांच्या हातात.

सिद्धम्मा शेजारच्या. मूळच्या उदगीरकडच्या. विरजण मागायला आल्या होत्या आणि रांग दिसल्यावर वाटी खाली ठेवून बसल्या होत्या. टँकरच्या वर्षी गल्लीतल्या अठरा घरांचे नंबर त्यांनी एकटीने सांभाळले होते. नगरसेवकाच्या मेव्हणीलाही मध्ये घुसू दिलं नव्हतं. रांग म्हटली की त्यांच्या अंगात आल्यासारखं होई.

"एकतीस हजारावर आलाय, सर. पर दुसरी घागर कुठाय तुमची?"

"कसली घागर?"

"आवो, येका लायनीवर कुणी बसतं का? एक घागर हापशाला, एक टँकरला. जी आदी भरंल ती आपली. एवढी पुस्तकं वाचलासा, हे न्हाई वाचलं?"

श्रीमंतरावांनी हे खरोखरच कुठे वाचलं नव्हतं. शिवाय ज्या बाईने अठरा घरांना पाणी मिळवून दिलं, तिला रांगेबद्दल शंका विचारणारे आपण कोण, असंही त्यांना वाटलं. खेळ मोबाईलवरही चालत होता, तिथे तो आटोपशीर होता. सिद्धम्मांच्या फोनवर तो उतरायला सव्वाबारा वाजले. गीतांजलीचं खातं आणि पासवर्ड श्रीमंतरावांनी कागदावरून वाचून दाखवला. सिद्धम्मांनी तो एकेक अक्षर दाबून भरला.

"लागला नंबर. अडुसष्ट हजार. लई मागं हाय, पर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

त्याच क्षणी लॅपटॉपवर, जिथे नऊ हजार दोनशे चार हा आकडा होता, तिथे लाल अक्षरं आली: 'तुमचं खातं दुसऱ्या ठिकाणी उघडलं आहे. तुम्ही रांगेतून बाहेर पडला आहात.'

श्रीमंतरावांनी माउस सोडून दिला. "कुणीतरी आपलं खातं उघडलं."

"चोर," करीमभाई म्हणाले.

"नाव भारी हाय ना बाभळीचं. टपूनच बसले असतील मुडदे," सिद्धम्मा म्हणाल्या. "बघून काय ऱ्हायलाव, सर? पुन्यांदा घुसा."

श्रीमंतराव पुन्हा घुसले. सत्तर हजारावा नंबर मिळाला. तोच सिद्धम्मा फोनकडे पाहून उसळल्या. "माजीबी घागर उचलून फेकली की ह्यानं." त्यांनी लगेच बटणं दाबली. श्रीमंतराव बाहेर. श्रीमंतरावांनी दाबली. सिद्धम्मा बाहेर. दोघं एकमेकांकडे पाठ करून, दात-ओठ खात, एकाच शत्रूशी लढू लागले. शत्रू मोठा चपळ होता. श्रीमंतराव जेवढ्या वेगाने आत जात तेवढ्याच वेगाने तो त्यांना हुसकावी.

"दमत कसा न्हाई ह्यो?" सिद्धम्मा म्हणाल्या. "तरणा असंल."

"सर, पासवर्ड बदला," करीमभाईंनी सुचवलं.

ही गोष्ट कागदावर नव्हती. कागदावर नसलेलं काही करणं श्रीमंतरावांच्या स्वभावात नव्हतं. पण गीतांजलीची दोन वर्षं डोळ्यांसमोर कुणी लुटून नेत होतं. त्यांनी पासवर्ड बदलला. नवा शब्द चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला. लॅपटॉपवर तो भरला. सिद्धम्मांनीही चिठ्ठी पाहून तो फोनवर भरला.

लाल अक्षरं पुन्हा आली.

आता मात्र श्रीमंतरावांनी खोलीभर नजर फिरवली. जो शब्द एका मिनिटापूर्वी जगात नव्हता, तो चोराला कळला होता. म्हणजे चोर इथेच कुठेतरी होता. ते हलक्या आवाजात म्हणाले, "करीमभाई, खिडकी लावा."

करीमभाईंनी खिडकी लावली, दाराला कडी घातली. मग ते तिथेच, दाराजवळ, हाताची घडी घालून उभे राहिले. पुस्तकाची पानं उलटसुलट लागली आहेत का हे पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. पाचेक मिनिटं ते एकदा श्रीमंतरावांच्या बोटाकडे आणि एकदा सिद्धम्मांच्या बोटाकडे पाहत राहिले.

"सर," ते शेवटी म्हणाले, "जरा हात थांबवा. ताई, तुमी दाबा."

सिद्धम्मांनी दाबलं. लॅपटॉपवर लाल अक्षरं आली.

"आता ताई, तुमी थांबा. सर, तुमी दाबा."

सिद्धम्मांच्या फोनवर लाल अक्षरं आली.

सिद्धम्मांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"ह्या लायनीला कायबी रीत न्हाई," त्या म्हणाल्या.

एक वाजायला दहा मिनिटं होती. क्रमांक होता सत्तर हजार एकशे अठरा. म्हणजे दोन तास खर्चून श्रीमंतराव सुरुवातीपेक्षा जवळजवळ सात हजारांनी मागे गेले होते. इतका मोठा पराक्रम तर हॉस्टेलच्या रांगेतही झाला नव्हता.

पण मग एक नवल घडलं. लोक कंटाळून रांग सोडू लागले. आकडा भराभर उतरू लागला. सव्वाला चाळीस हजार. दीडला पंधरा. श्रीमंतरावांनी पाणीही प्यायचं सोडलं. मध्येच त्यांना वाटलं, ही जी हजारो माणसं गळून पडली, त्यांच्याही नातींच्या काही बाभळी असतील. त्यांनी तो विचार निग्रहाने बाजूला सारला. या रांगेत कुणाला पुढे जाऊ देण्याची सोय नव्हती, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा.

पावणेदोनला चार हजार. दोनला दहा कमी असताना सहाशे.

"हलू नका, सर," सिद्धम्मा म्हणाल्या. "माशी बसली तरी ऱ्हाऊ द्या."

एकशे चाळीस. पंचावन्न. दोनला दोन मिनिटं कमी. अकरा.

लाल अक्षरं आली.

श्रीमंतरावांनी सिद्धम्मांकडे पाहिलं. सिद्धम्मांनी दोन्ही हात वर केले. फोन पालथाच होता. करीमभाईंनीही आपले हात दाखवले.

"म्हंजे चोर खरंच हाय," करीमभाई म्हणाले.

तेव्हा श्रीमंतरावांचं लक्ष आपल्या मोबाईलकडे गेलं. त्याचा दिवा लागत होता. ग्रंथालयाच्या सवयीने तो बारा महिने मुका असे. त्यावर गीतांजलीचे नऊ फोन येऊन गेले होते, आणि दहावा येत होता.

"आजोबा, घाबरू नका," पलीकडून ती धापा टाकत म्हणाली. "आपलं खातं हॅक झालं होतं. माझं लक्षच लागेना, म्हणून शेवटचा प्रश्न सोडून पावणेदोनला बाहेर आले. बघते तर कुणीतरी पासवर्ड बदललेला. मी 'पासवर्ड विसरलात का' करून नवा घेतला आणि आत्ता त्याला हाकलून लावलं."

खोटं बोलायची सोय होती. सिद्धम्मा डोळ्यांनी तेच सुचवत होत्या.

"तो अकराव्या नंबरवर होता," श्रीमंतराव म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीच होतो, बाळा."

त्यांनी सगळं सांगितलं. पासवर्ड, चिठ्ठी, खिडकी, कडी. सांगता सांगता भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली. बाभूळ गेली. आता ती काय म्हणेल ते ऐकायला त्यांनी डोळे मिटून घेतले.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "कंपनीचं काहीतरी आलंय." ती वाचू लागली. सर्व्हर गर्दीने बसला होता. आज सकाळपासून एकही माणूस आत जाऊ शकला नव्हता. एकही. पहिल्या नंबरचासुद्धा दारातच उभा होता. आजचं सगळं रद्द. सगळी नावं जशीच्या तशी राखून ठेवली होती, आणि खेळ आता शुक्रवारी अकराला सुरू होणार होता.

श्रीमंतराव खुर्चीत मागे टेकले. तीन तासांत पहिल्यांदा. फोनवर मोठ्याने काहीतरी ऐकू आलं. ते रडणं नसून हसणं आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"खिडकी का लावली आजोबा?" ती हसत विचारत होती. "चोर पळून जाऊ नये म्हणून?"

"शेवटचा प्रश्न किती मार्कांचा होता?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"जाऊ द्या तो. पण शुक्रवारी अकराला माझी तोंडी परीक्षा आहे."

श्रीमंतरावांनी घसा साफ केला. छाती जराशी पुढे आली. ते काही बोलणार तेवढ्यात गीतांजली म्हणाली, "आजोबा, फोन जरा सिद्धम्मा मावशींकडे द्या ना."

त्यांनी फोन दिला. सिद्धम्मा फोन कानाला लावून ऐकत राहिल्या.

"हाव... हाव. येकच उघडते, लेकी, आता कळलं की... न्हाई, पासवर्डाला हात लावत न्हाई... ते?" त्यांनी श्रीमंतरावांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यांची काळजी करू नको. अकराला मी त्यांना दळण घेऊन पाठवते. गिरणीत लई गर्दी असती, दोन वाजेस्तोवर काय येत न्हाईत."

श्रीमंतरावांनी टेबलावरच्या कागदाच्या दोन्ही प्रती घडी करून खिशात घातल्या. मग हळूच विचारलं, "गव्हाचं की ज्वारीचं?"