पुढील आदेश होईपर्यंत पावसाळा

मेच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी खारवणे ग्रामपंचायतीच्या सभागृहात उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा मुलाखतीसाठी हजर झाले. पद एकच होते : गावाला भेट देण्यास सर्वोत्तम ऋतू. जाहिरात कोणत्याही वर्तमानपत्रात नव्हती. चाळीस वर्षे बातमीदारी करूनही मला हे चहावाल्याकडून कळावे, याचा निषेध मी तिथेच उभ्याने नोंदवला.

बावीस वर्षे पद हिवाळ्याकडे होते. तो शाल पांघरून पाय पसरून बसला. उन्हाळ्याने पिकलेला फणस आणला होता. "ही लाच आहे," मी म्हणालो. उन्हाळा उठून उभा राहिला, तसा सगळ्या सभागृहाला घाम फुटला. फरशी खराब होऊ नये म्हणून पावसाळा घमेल्यात उभा होता.

समितीत सरपंच बाबल तारी, ग्रामसेवक शेवडे आणि इंदुमतीकाकू खवणेकर. काकू घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. जूनपासून त्या ओस पडतात. यंदाही तसेच झाले, तर घराला कुलूप लावून डोंबिवलीला यायचे, असे मुलाने बजावले होते.

"तुका ह्या काम कित्याक होया?" सरपंचांनी पावसाळ्याला विचारले.

"दरवर्षी मीच येतो," तो म्हणाला. "माझ्याकडे कधी कोणी येत नाही."

हिवाळा हसला. "येऊन करतील काय? कपडे वाळवतील?"

"गप रे मेल्या!" काकू कडाडल्या. "तू येतंस दीड महिनो, आणि दुपारचो खय जातंस ता कोणाक ठाऊक नाय. ह्यो निदान दिवसभर कामार आसता."

पावसाळ्याची निवड झाली. उन्हाळ्याने अभिनंदन करून फणस सगळ्यांना वाटला. मीही चार गरे खाल्ले. शेवड्यांनी घाईत नळाचे पाणी सोडणाऱ्या कामगाराचा जुना नेमणूक आदेश काढला आणि फक्त नाव बदलले. 'पुढील आदेश होईपर्यंत कामावर हजर राहावे.' पावसाळ्याने सही केली. शाई पसरली, पण सही ग्राह्य धरली.

आज वीस जानेवारी. पावसाळा एकदाही गैरहजर नाही. काकूंच्या तिन्ही खोल्या भरल्या आहेत, पाहुणे ओसरीवर बसून कुळथाची पिठी ओरपतात, आणि मुलगा डोंबिवलीहून येऊन चौथ्या खोलीचे पत्रे ठोकतो आहे.

पुढील आदेशाला ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभा पटांगणात भरते आणि पाऊस असला की तहकूब होते. आतापर्यंत आठ वेळा तहकूब झाली.

"मग सभागृहात घ्या की!" मी शेवड्यांवर आवाज चढवला. "तुम्हाला कोणी अडवलंय?"

"तिथे हिवाळा बसलाय, साहेब. नोव्हेंबरपासून, बॅग घेऊन. हजर करून घेताय की परत जाऊ, ते लेखी द्या म्हणतो."

मी आवक नोंदवही स्वतः तपासली. हिवाळ्याचा अर्ज क्रमांक दोनशे चौदावर आहे. उत्तराचा रकाना कोरा आहे.