शंभर टक्के रिंकू

ज्याची मोजदाद होत नाही त्याची प्रगती होत नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. ज्याची मोजदाद होते त्याचीही होतेच असे नाही, पण निदान फाइल तरी होते. याच उदात्त विचारातून आमच्या वैनतीर विद्यापीठात (नकाशावर शोधू नये; चंद्रपूरच्या पलीकडे, गडचिरोलीच्या अलीकडे) 'अल्पप्रतिनिधित्व विद्यार्थी माहिती व मूल्यमापन कक्ष' स्थापन झाला. मी तिथे सांख्यिकी सहायक आहे. कक्षात दोन संगणक आणि एक कूलर आहे. ज्यांना मदत करायची त्या विद्यार्थ्यांसाठी बाहेर एक बाक आहे.

कक्षप्रमुख प्रफुल सर फार सूक्ष्म दृष्टीचे. 'गरजू विद्यार्थी' असला ढोबळ शब्द त्यांना खपत नाही. त्यांनी विद्यार्थ्यांचे चौसष्ट गट पाडले. त्यातला गट क्रमांक एकोणचाळीस असा: तलावात मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील, घरातून कॉलेजात पहिलीच आलेली, रोज एस.टी.ने ये-जा करणारी विद्यार्थिनी. गटाची एकूण संख्या, एक. तिचे नाव रिंकू, राहणार आरमोरीजवळच्या एका खेड्यात.

एका माणसाचा गट किती सोयीचा असतो, हे बाहेरच्यांना कळायचे नाही. रिंकू पास झाली की गटाचा निकाल शंभर टक्के. पहिल्या वर्षी तिला ताप आला, तेव्हा 'गट ३९ मध्ये सार्वत्रिक साथ' अशी नोंद करून आम्ही ताबडतोब आरोग्यावर व्याख्यान ठेवले. (संपूर्ण गट तापाने घरी असल्याने उपस्थिती शून्य, व्याख्यान यशस्वी.) तीन वर्षांत तिने एक्केचाळीस प्रश्नावल्या भरल्या. त्यातल्या एकीत 'आपला अभ्यासाचा वेळ कशात वाया जातो?' असा प्रश्न होता. तिने खरे उत्तर लिहिले. ते आम्ही 'इतर'मध्ये टाकले.

बाहेरून समित्या येत, तेव्हा रिंकूला प्रयोगशाळेतून बोलावून त्यांना दाखवत असू. मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटवर वाघ दिसेलच अशी हमी कोणी देत नाही. आमच्याकडे रिंकू हमखास दिसे.

असे सगळे सुरळीत चालले असताना या मुलीने तीन वर्षांत पदवी मिळवली. तीही पहिल्या वर्गात.

आता अडचण अशी, की आमचा अभ्यास पाच वर्षांचा. रिंकू गेली की गट शून्यावर. भागाकारात खाली शून्य आले की संगणक लाल होतो आणि चौसष्ट गटांचा अहवाल एका गटापायी अडून बसतो. एका मुलीच्या भवितव्यासाठी त्रेसष्ट गटांचे भवितव्य पणाला लावावे काय, असा सरांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता.

रिंकू माझ्या टेबलापाशी आली. "सर, मले टी.सी. पायजे. नागपूरले एम.एस्सी.ले नंबर लागला, मत्स्यशास्त्रात. अठ्ठावीस तारखेच्या आत टी.सी. नाई देली त सीट जाते."

टी.सी.च्या अर्जावर आमच्या कक्षाचा 'हरकत नाही' असा शिक्का लागतो. मी तिला बाकावर बसायला सांगितले. ती चार दिवस बसली. (बाकाचा वापर त्या आठवड्यात चौपट, तिमाही अहवालात आलेख आहे.)

पाचव्या दिवशी, म्हणजे सत्तावीस तारखेला, तिचे वडील बापूजी आले. पायात स्लीपर, हातात टोपी. प्रफुल सरांनी त्यांना नमुना म्हणजे काय ते शास्त्रशुद्ध समजावले. बापूजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"हे आमाले ठाऊक हाये, सायेब," ते म्हणाले. "तलावात बोटुकल्या सोडतो, बोटाएवढी मासोळीची पिल्लं, तवा साऱ्या थोडीच मोजतो? एका वाटीत किती बसते थे मोजतो, मंग नुसत्या वाट्या मोजतो."

"अगदी बरोबर!" सर खूश झाले.

"पर मोजलेली वाटी बी तलावातच सोडा लागते जी. मोजाच्या पायी हातात धरून बसलं त मरून जाते थे. मायी पोरगी तुमच्या मोजाची वाटी झाली, सायेब. आता तिले सोडा न."

सर म्हणाले, "फार मोलाचे निरीक्षण आहे. लिहून घ्या." मी लिहून घेतले. 'इतर'मध्ये.

मला वाईट वाटले. खरोखर वाटले. वाईट वाटण्यासाठी आमच्या नमुन्यात रकाना नाही, म्हणून इथे सांगतो. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. तो उमटवायला चार सेकंद लागतात. मी मोजले आहेत.

रिंकूला टी.सी. विहित मुदतीत मिळाली. मुदत आमची होती, पुढच्या महिन्याच्या दोन तारखेची. तोवर नागपूरची जागा गेली. वर्ष फुकट जाऊ नये म्हणून तिने आमच्याच विद्यापीठात एम.ए.ला नाव घातले, समाजशास्त्राला, कारण तिथे जागा शिल्लक होत्या. यंदाच्या अहवालात पान सातवर ठळक अक्षरांत आहे: 'गट ३९ मधील शंभर टक्के विद्यार्थिनींनी उच्च शिक्षणासाठी पुन्हा आपल्याच विद्यापीठाची निवड केली. गळती: शून्य.' समितीने टाळ्या वाजवल्या. रिंकूला पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला. तिने तो बाकावर ठेवला आणि एस.टी. गाठली.

दर वर्षी अहवालाच्या शेवटच्या पानावर वाचकांसाठीही एक छोटी प्रश्नावली जोडलेली असते. हे वाचून आपण काय केले? (अ) हसलो. (ब) हळहळलो. (क) चार जणांना वाचायला पाठवले. चौथा पर्याय ठेवलेला नाही. तीन वर्षांत तो एकाही वाचकाने मागितला नाही, आणि या गटात, आपण धरून, आजमितीस बारा हजार जण आहेत.