हात न लावलेली गाडी

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. घरी नेताना धक्का बसता कामा नये. बाकीच्यांनी ही सूचना डोळ्याबद्दलची म्हणून ऐकली. जावयाने ती गाडीबद्दलची म्हणून ऐकली.

जावई रंगाच्या कारखान्यात छटा तपासायच्या कामावर होता. दोन डब्यांतल्या पिवळ्यात केसाएवढा फरक असला तरी त्याला तो लांबून दिसायचा, म्हणून गल्लीत त्याला सगळे रंगपारखी म्हणत. चांगल्या वस्तूंचं त्याला मनापासून कौतुक होतं, आणि चांगली वस्तू ओळखायचा त्याचा स्वतःचा एक नियम होता : चांगल्या वस्तूला हात लावावा लागत नाही. त्याच्या बैठकीच्या खोलीतलं घड्याळ कधी मागे पडलं नव्हतं. पुढचं दार कधी कुरकुरलं नव्हतं. आणि त्याच्या छोट्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बारा वर्षं लोण्यासारखा चालत होता. पाहुणे आले की चहा ओतायच्या आत हा विषय निघायचा. "बारा वर्षं," तो म्हणायचा, "आणि एकदाही हात लावला नाही." हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा की जणू गाडी त्यानेच जन्माला घातली होती. बायको तेवढ्यात बिस्किटं आणायला आत जायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. मेहुणा परगावी राहायचा आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा. आईला कशातून आणणार, असं त्याने विचारलं. मग गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं होतं, असं विचारलं. रंगपारख्याने नेहमीच्या अभिमानाने सांगितलं की कधीच नाही. 

"मग आईला चालत आणा," मेहुणा म्हणाला.

मग त्याने सविस्तर सांगितलं. ते तेल म्हातारं होतं, काळं पडतं. मग गिअर बदलताना गाडी हिसका देते. आणि असा गिअरबॉक्स बंद पडतो तेव्हा आगाऊ सूचना देत नाही, भर रस्त्यात बसतो. रंगपारख्याने हे सगळं हसण्यावारी नेलं आणि संध्याकाळी दुकानात जाऊन तेल घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोला आणि सासूबाईंना दवाखान्यात सोडलं. वाटेत त्याचा एक कान गिअरबॉक्सकडे होता. हिसका काही जाणवला नाही, पण आता तो कधी जाणवेल याची त्याला धास्ती लागली होती. संध्याकाळी न्यायला यायचं ठरलं. मधला दिवस मोकळा होता, रजा टाकलेलीच होती. तेल बदलण्याचा बेत त्याने बायकोला सांगितला नाही. सांगितला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

घरी, ऑपरेशनसाठी सासूबाईंबरोबर मुलीकडे राहायला आलेले सासरे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बायकोच्या काळजीने त्यांचं कशातच लक्ष लागत नव्हतं, त्यामुळे जावई गाडीखाली शिरलेला पाहून त्यांना हायसं वाटलं. निदान काळजी करायला जवळचं काहीतरी मिळालं.

"जावईबापू, कधी केलंय का हे आधी?"

"नाही बाबा. पण पुस्तिका वाचलीय."

तळाचं बूच बारा वर्षांत गंजून घट्ट बसलं असणार, म्हणून त्याने लांब दांड्याचा पाना आणला होता. बूच पहिल्याच झटक्यात सुटलं. बुचाखालचा वॉशर नव्या नाण्यासारखा चमकत होता. रंगपारखी गाडीखालीच थोडा वेळ पडून राहिला. "काय धातू वापरलाय," तो हलक्या आवाजात म्हणाला.

मग तेल आलं. काळं आलं नाही. लाल आलं. मापाच्या भांड्यात ती लाल धार पडत होती आणि तो बघत होता. तेलाचा ओघ थांबल्यावर त्याने बूच परत घट्ट केलं, बाहेर येऊन नव्या डब्यातलं थोडं तेल काचेच्या बरणीत ओतलं, शेजारी जुनं धरलं आणि दोन्ही उजेडात नेली. जुनं नव्याहून जेमतेम अर्ध्या छटेने गडद होतं. कारखान्यात एवढ्या फरकाचा माल तो डोळे झाकून पास करायचा.

निरीक्षण अचूक होतं. त्याच्यावरून काढायचा निष्कर्ष मात्र त्याने बारा वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता.

"बाबा, हे बघा. बारा वर्षं वापरलेलं तेल आहे हे."

सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं. त्यांनाही मानावं लागलं. कुंपणापलीकडून मोजणीकाका आले. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता मोजायला जमीन नसल्यामुळे शेजाऱ्यांच्या कामात लक्ष घालत. त्यांनी भांडं सूर्यासमोर धरलं, तिरकं केलं, सरळ केलं, आणि अशी वस्तू हल्ली बनत नाही असं जाहीर केलं. त्यांच्या जावयाची गाडी दोन वर्षांत दोनदा दुरुस्तीला गेली होती. त्याला दाखवायला म्हणून त्यांनी एक बाटली भरून घेतली आणि घरी ठेवून आले. सासऱ्यांनी मुलाला गप्प करायचं म्हणून पेलाभर वेगळं काढलं. बरंच तेल मोजणीकाकांच्या सदऱ्यावर सांडलं होतं, पण अशा तेलाचा डाग पडल्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

कौतुक ओसरल्यावर रंगपारख्याला आठवलं की जेवढं तेल निघेल तेवढंच नवीन घालायचं होतं. किती निघालं ते भांड्यावर बघायचं राहिलं होतं. आता भांड्यात होतं ते निम्मंसुद्धा नव्हतं.

"बाटली परत आणू का?" मोजणीकाकांनी विचारलं.

"सदऱ्यातलं कसं आणणार?"

या गिअरबॉक्सला तेल बघायची पट्टी नव्हती. पुस्तिकेत दुसरी रीत दिली होती, ती रंगपारख्याने मोठ्याने वाचली. जरा जास्तच तेल घालायचं. गाडी अगदी समतल उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा टाकून परत पार्कवर आणायचे. तेलाची उष्णता पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या मध्ये आली की पातळीचं छोटं बूच काढायचं. जादा तेल वाहून जातं. धार बारीक होऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर.

"समतल" हा शब्द ऐकल्यावर मोजणीकाका एकदम दहा वर्षांनी तरुण झाले. ते घरी गेले आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आले. अंगण गटाराकडे उतरतं होतं, हे त्यांना म्हणे पहिल्या दिवसापासून खटकत होतं. मागची चाकं फळ्यांवर चढवली, चाकांना विटांची अटकण लावली, मजबूत घोड्या टेकू म्हणून दिल्या. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका रेषेत आल्यावर काकांनी समाधानाने मान हलवली. मग ब्रेक दाबायला सासरे आत बसले आणि पाणी हललं.

"बाबांचं वजन धरलं नव्हतं," काका म्हणाले.

सासरे भारदस्त गृहस्थ होते. त्यांना उतरवून हलका माणूस बसवावा तर मोजणीकाकांना नळी सोडवत नव्हती आणि रंगपारख्याला गाडीखाली जायचं होतं. शेवटी सासऱ्यांच्या शेजारच्या सीटवर पिठाचा डबा, इस्त्री आणि कुंडी ठेवून गाडी समतल करण्यात आली. सासऱ्यांनी कुंडीलाही पट्टा लावला.

राहिली उष्णता. घरात ती मोजायचं एकच साधन होतं, आणि ते औषधांच्या डब्यात होतं. रंगपारखी ते हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. ताप मोजायचा थर्मामीटर. माणसाचं शरीर आणि गिअरबॉक्स, दोघांनाही बरं वाटायची उष्णता जवळपास एकच असावी, हे त्याला फार सुंदर वाटलं. त्याने तो गिअरबॉक्सच्या तळाला चिकटपट्टीने लावला.

मग त्याने नवं तेल जरा जास्तच ओतलं आणि इंजिन चालू झालं. सासऱ्यांनी पाय ब्रेकवर रोवून, दोन्ही हातांनी, मोठ्या जबाबदारीने सगळे गिअर टाकून परत पार्कवर आणले. मग वाट पाहणं सुरू झालं.

"किती आहे?" वरून आवाज आला.

"छत्तीस."

"म्हणजे ताप नाही."

"नाही. थोडा यायला हवाय."

थर्मामीटर अडतिसावर आला तेव्हा त्याने छोटं बूच काढलं. धार आली, बारीक झाली, थेंब थेंब झाली. त्याने बूच लावलं. त्याच क्षणी खिशातला फोन वाजला.

बायको होती. आईला लवकर सोडत होते. सगळं उत्तम झालं होतं. "लगेच ये. आणि आईला जरा कढत वाटतंय, उगीच असेल, पण घरचा थर्मामीटर घेऊन ये. इथला कोणी आणून देईना."

"तो जरा..." तो म्हणाला.

"जरा काय?"

"घेऊन येतो."

चिकटपट्टी तापून घट्ट बसली होती. तो थर्मामीटर खरवडून काढेपर्यंत इंजिन चालूच होतं. गाडी फळ्यांवरून उतरवली, सासरे उतरले, घाईत डबा आणि इस्त्री उतरली. कुंडी पट्ट्यासकट गाडीतच राहिली.

दवाखान्याच्या वाटेवर तो श्वास रोखून गाडी चालवत होता. गिअर बदलल्याचं फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळत होतं. कुंडीतलं पानसुद्धा हललं नाही.

सासूबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर बसल्या होत्या. बायकोने थर्मामीटर हातात घेतला, बटण दाबलं, आणि आधीचा आकडा काचेवर उमटला. एकेचाळीस पूर्णांक दोन. तिने तो नाकाजवळ नेला. मग नवऱ्याच्या नखांकडे पाहिलं.

"हा ताप कुणाला होता?"

"गिअरबॉक्सला," तो म्हणाला.

तिने थर्मामीटर साबणाने दोनदा धुतला. सासूबाईंना ताप नव्हता.

परतीच्या वाटेवर सासूबाई मागे बसल्या, बायको कुंडी मांडीवर घेऊन पुढे. धक्का सोडाच, हेलकावाही नव्हता. पहिल्या वळणानंतर रंगपारख्याला राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. पटकन सुटलेलं बूच, चमकणारा वॉशर, लाल तेल. बारा वर्षांनंतर फक्त अर्धी छटा. असा गिअरबॉक्स त्याने जन्मात पाहिला नव्हता.

बायको खिडकीबाहेर पाहत होती. तिचे कान मात्र लाल झाले होते, आणि ती छटा त्याला ओळखता आली नाही.

"अगं, सांगून टाक ना आता," मागून सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, हसू दाबलं तरी डोळ्यावर ताण येतो."

"काय सांगायचंय?"

"दर दोन-तीन वर्षांनी ही माझ्याकडे दिवसभर येऊन बसते ना, ती काय माझ्या ओढीने येते? गाडी तेवढा वेळ आमच्याकडच्या गॅरेजमध्ये असते."

गाडी सिग्नलला थांबली. तीही अगदी अलगद थांबली.

"मागच्या वर्षीच बदललं होतं," बायको म्हणाली. "वॉशरसकट."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पहिल्याच वेळी. पण घरी आले तर पाहुणे बसले होते आणि तू त्यांना सांगत होतास." तिने मांडीवरची कुंडी नीट केली. "तू ते सांगताना इतका छान दिसतोस. माझ्याच्याने होईना."

सिग्नल सुटला. गाडी चालत राहिली, लोण्यासारखी.

फाटकाशी सासरे आणि मोजणीकाका वाट पाहत उभे होते. सासूबाईंना हाताला धरून आत नेलं, उशा लावून बसवलं, आणि सगळं ठीक आहे म्हटल्यावर सासऱ्यांनी खांद्यावरून दिवसभराचं ओझं उतरवलं. मग काकांनी बाटली पुढे केली. तिच्यावर त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं : बारा वर्षं.

रंगपारख्याने ती घेतली, उजेडात धरली.

"काका, हे खोडा. एकच वर्ष लिहा."

"एकच? मग गाडीत विशेष ते काय?"

"गाडीत काही नाही," तो म्हणाला.

काका बाटली घेऊन विचारात पडलेले निघून गेले. त्यांच्यामागे पुढचं दार नेहमीसारखं आवाज न करता मिटलं. रंगपारखी त्या दाराकडे बघत राहिला. मग जवळ जाऊन, वाकून, त्याने बिजागरीला बोट लावलं. बोटाला तेल लागलं. त्याने ते दिव्याखाली धरलं. स्वच्छ, पारदर्शक, ताजं. या आठवड्यातलंच असावं.

त्याने वर पाहिलं. भिंतीवर घड्याळ बरोबर चाललं होतं.

"काय बघतोयस?" बायको कुंडी परत जागेवर ठेवत म्हणाली.

"काही नाही. दार चांगलं आहे."

"कधी कुरकुरलं नाही ना?"

"कधीच नाही," तो म्हणाला. हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, पण ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होता. ती बिस्किटं आणायला आत निघाली होती. ती थांबली आणि परत येऊन बसली.