अकराव्या नंबरवरून घसरले

मंगळवारी दुपारी साडेचारला फुलसावंगीच्या मोहिउद्दीनचाचांनी फोन उचलणं बंद केलं आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

कारण अगदी साधं होतं. संध्याकाळी सातच्या बातम्यांत चाचा टीव्हीवर दिसणार होते. पुण्यातला त्यांचा मुलगा साजिद ते पाहणार होता आणि पाहिल्या पाहिल्या फोन करणार होता. निदान चाचांचा तसा हिशेब होता. तेव्हा लाइन मोकळी पाहिजे. म्हणून फोन वाजला की ते चष्मा लावून नाव बघत आणि साजिदचं नसलं की कट करत. जुन्या काळच्या फोनवर लाइन अडकायची, तशी हल्ली अडकत नाही, हे आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण वाट बघणाऱ्या माणसाला यंत्रातलं काही कळत नाही.

चाचा रेडिओ-टीव्हीचे मिस्त्री. चाळीस वर्षांत गावातला असा एक टीव्ही नव्हता, ज्याच्या पोटात चाचांचा हात गेला नव्हता. पुढे टीव्ही पाटीसारखे चपटे झाले, बिघडले की फेकायचे झाले आणि चाचांचं दार वाजेनासं झालं. सहा वर्षांपूर्वी पत्नी जैबुनबी गेल्या. साजिद पुण्याला कंपनीत. चौदा महिने त्याचं येणं झालं नव्हतं. शुक्रवारी नमाजनंतर फोन यायचा. "अब्बा, जेवले?" "जेवलो." "तबियत?" "ठीक." "बरं, ठेवतो." ठेवल्यावर फोनच सांगायचा, सतरा सेकंद. चाचांना ते आकडे बघायची वाईट खोड लागली होती.

घरात बोलायला उरला तो एक खोक्याचा टीव्ही. अडतीस वर्षांचा. चाचांनी त्याचं आतलं सगळं इतक्या वेळा बदललं होतं, की मूळचा म्हणावा असा फक्त लाकडी पेटारा शिल्लक होता. पण चालायचा मात्र ठणठणीत. ही गोष्ट महागावच्या संघर्षच्या कानावर गेली. संघर्षचं महागावला झेरॉक्सचं दुकान आणि एका मराठी वाहिनीला बातम्या पाठवायचं कामही त्याच्याकडे. आठ दिवसांपूर्वी तो कॅमेरा घेऊन आला.

"चाचा, जुन्या काळासारखं अँटेना फिरवून दाखवा न. पिक्चर भारी येते."

छपरावरचा अँटेना गंजून कधीच निकामी झाला होता; खाली टीव्हीला सेट-टॉप बॉक्स. तरी चाचा शिडीवरून सरसर वर गेले, एकाहत्तराव्या वर्षी, आणि अँटेना धरून सवयीने खाली ओरडले, "आलं काऽऽ?" पूर्वी खालून जैबुनबी ओरडायच्या, "गेलं! थोडं इकडं!" आणि लहानगा साजिद दारात येऊन सांगायचा, "आलं, अब्बा!" त्या दिवशी खालून कुणीच काही बोललं नाही. संघर्षला ते फार आवडलं. "एक नंबर चाचा," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळीच त्याचा फोन आला. "चाचा, आज तुम्ही लागले! मुंबईत कागद निघते, कोणती बातमी कितव्या नंबरवर, त्याचा. तुम्ही अकरावर हायेत." संघर्षच्या तोंडी बातमी आणि माणूस यांत फरक नसायचा. पुढे तेच नडलं.

चाचांनी साजिदला निरोप पाठवला. "बघतो अब्बा," असं उत्तर आलं. चाचांनी चिवडा केला, सतरंजी झटकली आणि शेजारच्या रुखमाबाई-उकंडा या नवराबायकोलाच बोलावलं असूनही सहा खुर्च्या मांडल्या.

पण त्या दिवशी देशाला उसंत नव्हती. बारा वाजता एका मंत्र्याने राजीनामा दिला.

"चाचा, तुम्ही सोळावर गेले."

"काहून? राजीनामा त्यानं देल्ला, माह्या टीव्हीनं काय केलं?"

"मोठी बातमी आली की लहानीनं सरकावं लागते. एसटीत नाही का, आमदारासाठी शीट सोडतो आपण."

आमदार एसटीत बसलेला चाचांनी कधी पाहिला नव्हता. तीनला कुठेशी मालगाडी घसरली. "तुम्ही सत्तावीसवर."

"कोणी मेलं का रे?"

"कोणीच नाही."

"शुकर अल्लाचा. मंग काहून वर गेली थे?"

"पिक्चर चांगले हायेत न, चाचा. डबे आडवे पडले."

आणि चारला मुंबईत एका नटाच्या बंगल्यात बिबट्या शिरला. हे मात्र चाचांना संघर्षने सांगावं लागलं नाही, ते स्वतःच बघत होते. बिबट्या दिसत नव्हता. तो सोफ्याखाली बसला होता आणि कॅमेरा बंगल्याचं बंद दार दाखवत होता. अर्धा तास तेच दार. चाचांना नवल वाटलं. बिचारं जनावर घरात एकटं बसलंय, काही करत नाही, कुणाला काही म्हणत नाही, आणि अख्खं राज्य श्वास रोखून बघतंय. आपण तर सहा वर्षं बसलोय.

मग त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला आणि साजिदखेरीज सगळ्यांचे फोन कट करायला सुरुवात केली. त्यात संघर्षचे पाच फोन गेले. तेव्हा त्याने शेजारी रुखमाबाईला लावला. रुखमाबाई अंगणात होती आणि तिच्या अंगणात फोनचा आवाज नेहमी फाटका यायचा.

"काकू, चाचा फोन उचलून नाही राह्यले. त्याईले सांगा—" खर्रर्र, "—अकरावर होते, तिथून घसरले. घसरत घसरत खाली गेले न आता पडले."

"अगं माय! अकरावरून?"

"हौ न. मी लय जोर लावला काकू, पण नाही वाचवू शकलो. मुंबईवाले म्हणते, आता काही वर येत नाही."

"मुंबईवाल्याईनंबी हात टेकले?"

"टेकले. साजिदभाऊले तेवढं कळवून द्या, नाहीतर बिचारा वाट पाहत बसन." खर्रर्र. फोन गेला.

आता चाचांची शिडी उकंडानेच बनवून दिली होती, बांबूची, आणि तिला पायऱ्या बरोब्बर अकरा. गेल्याच आठवड्यात चाचा तिच्यावर चढलेले रुखमाबाईने या डोळ्यांनी पाहिले होते. शंकेला जागाच उरली नाही. तिने हंबरडा फोडला. उकंडाने तिच्या सांगण्यावरून आधी साजिदला फोन लावला, "चाचा पडले, लवकर ये," एवढंच बोलला आणि बाज आणायला धावला.

गावाला असला नंबरांचा कागद बिगद लागत नाही. चौकापर्यंत चाचा 'पडले' होते, पानठेल्यापर्यंत बेशुद्ध झाले आणि बसथांब्यावर ते विहिरीत होते. चाचांकडे विहीर नव्हती, बोअर होती. पण बातमी एवढी मोठी झाली की तिला विहीर लागतेच. मंत्री, मालगाडी आणि बिबट्या, तिघेही त्या संध्याकाळी फुलसावंगीत भराभर खाली घसरले. एक नंबरवर मोहिउद्दीनचाचा होते आणि दोन नंबरवर कुणीच नव्हतं.

साडेसहाला चाचांनी दार उघडलं तर समोर तीसेक माणसं. चाचांचा चेहरा असा उजळला, की पुढच्या लोकांची पावलं जागीच थांबली.

"या, या! अजून टाइम हाये सातले. खुर्च्या सहाच हायेत, बाकीचे सतरंजीवर बसा. अरे उकंडा, बाज कायले आणली? बरं, राहू दे, चौघं बसतीन. पण हा दोर कायले?"

"विहिरीतून काहाडाले," दोरवाला म्हणाला.

"कोणाले?"

"तुमाले."

चाचा काही विचारणार तेवढ्यात हातातला फोन वाजला. साजिद. शुक्रवार नसताना.

"अब्बा! अब्बा, तुम्ही बोलू नका, ताकद नका घालवू! मी निघालो. बस भेटली, सकाळी पोचतो. अब्बा, ऐकून राह्यले न?" पोरगा रडत होता. पुण्याच्या कंपनीतला चाळिशीचा माणूस भर बसमध्ये रडत होता. आपण किती नालायक, येतो येतो म्हणून कसं राहून गेलं, अम्मीच्या वेळीही कसा उशीर झाला, सगळं तो भडाभडा बोलत होता. चाचांनी "अरे, मी तर—" म्हणायला तोंड उघडलं.

"खरं सांगा अब्बा. पडले न तुम्ही?"

चाचांनी समोर पाहिलं. तीस माणसं, एक बाज, एक दोर. त्यांनी नजर खाली केली.

"हौ बेटा," ते हळूच म्हणाले. "पडलो. थोडासाच."

फोन बंद झाला. चाचांनी सवयीने आकडे बघितले. सहा मिनिटं चाळीस सेकंद.  रुखमाबाईने डोळे पुसले आणि पदर खोचला.

"कोणता पाय?"

"आँ?"

"पाय कोणता मोडला ते ठरवा लवकर. पट्टी बांधा लागन."

डावा ठरला. मग लोक बसले, चिवडा संपवला, बिबट्याचं दार बघितलं. चाचांची बातमी लागली नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. खुद्द चाचांच्याही नाही.

साजिद सकाळी आला आणि चाचांच्या घरात दोन दिवस माणसाचा आवाज फिरला. त्याने खिचडी लावली, ती करपवली, पुन्हा लावली. डाव्या पायाला तेल चोळता चोळता तो म्हणाला, "अब्बा, फोनवर मले काही सुचतच नाही. तुमच्यासमोर बसलं की बोलता येते." चाचांना वाटलं, उजवाही मोडला असता तर बरं झालं असतं. पडून पडून कंबर धरली होती, पण सुखाचं दुखणं होतं ते.

शुक्रवारी सहाला साजिद चुलीपाशी असताना संघर्षचा फोन आला.

"चाचा, मुबारक! आज देशात काहीच झालं नाही. सगळीकडं सामसूम. तुम्ही चौथ्या नंबरवर!"

चाचांच्या तोंडचं पाणी पळालं. "काहीच कसं नाही झालं? नीट पाह्य. कोणाचा राजीनामा?"

"नाही."

"गाडी बिडी?"

"सगळ्या रुळावर."

"अन् तो बिबट्या?"

"जंगलात सोडला काल."

"अरे, मंग येईन न तो वापस!"

"चाचा, भेता काहून? नुसत्या जुन्या टीव्हीच्या बातमीले मुंबईवाले ऐकून नव्हते राह्यले. मंग मी बातमीत तुमच्या पडण्याची अफवाबी टाकली, तो दोर, ती विहीर. तेवढ्यानं तुम्ही चौथ्यावर गेले."

"थे काहाडून टाक बापा! हात जोडतो."

"आता नाही निघत. गेलं मुंबईले."

सातला साजिदने उशी लावून बापाला टेकवून बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि टीव्ही लावला. रोज हटकून जाणारी लाइट त्या दिवशी हलेना. अडतीस वर्षांचा पेटारा साधं खरखरेना. आपल्या हातच्या कसबाचा चाचांना जन्मात पहिल्यांदा पस्तावा झाला. रुखमाबाई भाजी द्यायच्या निमित्ताने आली ती सरळ टीव्हीपुढे उभी राहिली. मागोमाग उकंडाही येऊन तिला लागून उभा राहिला.

"मी काय म्हणत होती साजिद, पुण्याले वांगे कसे हायेत?"

"काकू, थोडं सरका न. अब्बा येऊन राह्यले."

सरकण्यावाचून इलाज नव्हता. पडद्यावर चाचा सरसर शिडी चढत होते. आणि बातम्या देणारी बाई खणखणीत आवाजात सांगत होती, "मंगळवारी चाचा विहिरीत पडल्याची अफवा पसरली आणि अख्खं गाव दोर घेऊन धावलं. प्रत्यक्षात चाचा घरात आरामात टीव्ही पाहत होते. त्यांना साधं खरचटलंही नव्हतं."

 साजिदचा तेलकट हात पट्टीवर थांबला होता. चाचांनी डोळे गच्च मिटून घेतले. आता साजिद पाय खाली ठेवणार, बॅग भरणार, आणि बरोबरच आहे त्याचं. खोटं बोलून बोलावलेलं माणूस किती दिवस राहणार?

पडद्यावरचे चाचा छपरावर पोचले. गंजलेला अँटेना धरून ते खाली ओरडले, "आलं काऽऽ?"

पडद्यावर कुणीच उत्तर दिलं नाही. वारा तेवढा वाजला.

"आलं, अब्बा," पायाशी बसलेला साजिद म्हणाला.  "साफ आलं."

चाचांनी डोळे उघडले. साजिद बापाकडे बघत नव्हता. तो सैल झालेली पट्टी सोडून पुन्हा नीट बांधत होता, चांगली घट्ट, गाठ मारून. मग त्याने हात पुसले आणि कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

"सर, वडिलांना अजून पाय टेकता येत नाही. हो ना सर, विहिरीतच पडले. आणखी आठवडा तरी लागेल."

तिकडे ऐकू जावं म्हणून चाचा बेताने कण्हले.