दोनशे ग्रॅम

बाळाचं वजन आठवड्यात दोनशे ग्रॅमनं घटलं, तेव्हा ते अठ्ठावीस दिवसांचं होतं. त्याची आई दहा वर्षं बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत वजनं घेत आलेली. तिथे एक दाणा इकडचा तिकडे झाला तरी तिला कळे. इथे मात्र पोटचं पोर तिच्या डोळ्यांदेखत कमी झालं होतं.

"होतं असं कधीकधी," नर्सबाई म्हणाल्या. "पण कळवावं लागेल. अजून घटलं तर त्याला दवाखान्यात ठेवून घेऊ. एकट्यालाच हं, आईची सोय नाही तिथे."

तो काळ भिंतीवरच्या फोनचा आणि कार्बन कागदाचा होता. नव्या आईबापांच्या मदतीला तिघीजणी येत: वजन घेणाऱ्या नर्सबाई, घरकामाला हात लावणाऱ्या कुटुंब केंद्राच्या मावशी आणि दूध पाजायला शिकवणाऱ्या सल्लागारबाई. तिघींनी एकदिलानं काम करावं म्हणून एक नियम होता. एकीला काही कळलं, की तिनं ते उरलेल्या दोघींना लेखी कळवायचं. तिघीही कमालीच्या कर्तव्यदक्ष होत्या. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

सोमवारी नर्सबाईंनी 'दोनशे ग्रॅम घट' असं दोघींना कळवलं. मंगळवारी मावशींनी तेच आपल्या शिक्क्यानिशी, त्या दिवशीची तारीख घालून उरलेल्या दोघींना कळवलं. बुधवारी सल्लागारबाईंनी कळवलं. गुरुवारी प्रत्येकीच्या टेबलावर तीन तारखांच्या तीन घटी होत्या, आणि बेरीज तर तिघींनाही उत्तम येत होती.

शुक्रवारी सकाळी तिघी एकदमच दारात उभ्या राहिल्या.

"सहाशे!" नर्सबाई चपला काढता काढता म्हणाल्या. "तीन दिवसांत सहाशे! मी दवाखान्याची गाडी सांगून आलेय."

"पाजताना मान कशी धरता, दाखवा बघू," सल्लागारबाई म्हणाल्या.

"मान नंतर धरा हो! या बाळंतिणीच्या पोटात काही गेलंय का सकाळपासून?" मावशींनी पदर खोचून स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. "आणि हे काय, पातेली कालपासून तशीच? अहो बाळाचे बाबा, हात मोडलेत का तुमचे?"

बाळाचे बाबा शाळेत भूगोल शिकवत. घरात वादळ आलं की ते दिशा विसरत. ते हातात उशी घेऊन नुसतेच उभे होते.

"रोज दोनशे?" आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण हिशोब पक्का होता. "या गतीनं सतरा दिवसांत पाळणा रिकामा होईल."

"असं अभद्र बोलू नये गं," मावशी आतून ओरडल्या.

"मग आधी वजन करा. आत्ता. माझ्यासमोर."

नर्सबाईंनी काटा मांडला. गार वारा सुटला होता, म्हणून बाबांनी बाळाला टोपडं, स्वेटर आणि शालीसकट अलगद काट्यावर ठेवलं. काटा तीन हजार आठशे तीसवर थांबला.

"अगंबाई! वाढलं की!" सल्लागारबाईंनी टाळी वाजवली. "माझं पत्र लागू पडलं!"

"शाल काढा," आई म्हणाली. "स्वेटर काढा. टोपडंही."

बाळानं भोकाड पसरलं. तीन हजार चारशे ऐंशी. मग तिनं नुसते कपडे काट्यावर ठेवले. साडेतीनशे.

"सोमवारी तुम्ही उघडं बाळ मोजलंत. त्याच्या आधीच्या खेपेला?"

"थंडी होती हो त्या दिवशी," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "जीव होईना उघडं करायला. याच कपड्यांत मोजलं."

म्हणजे बाळ घटलंच नव्हतं. त्या आठवड्यात ते दीडशेनं वाढलं होतं आणि पुढच्या चार दिवसांत आणखी ऐंशीनं. गाडी परत गेली. नर्सबाईंनी जाण्यापूर्वी आईचा हात हातात घेतला. "आजच्या आज दुरुस्ती कळवते सगळीकडे," त्या म्हणाल्या, आणि शब्दाला जागल्या.

पुढच्या गुरुवारी केंद्राचं पत्र आलं. 'बाळाच्या वजनात तीन दिवसांत अवाजवी वाढ झाल्याचे तीन स्वतंत्र अहवाल प्राप्त झाले आहेत. दूध बेताने पाजावे.'

बाळंतपणानंतर आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं आणि श्वास लागला. बाबांनी दारातून तिचे हलणारे खांदे पाहिले, काही न विचारता फोन गाठला आणि तिघींना कळवलं, की ही फार रडतेय.

अर्ध्या तासात तिघी धापा टाकत हजर झाल्या.

"काय झालं गं बाळा?" मावशींनी विचारलं.

आईनं तिघींकडे पाहिलं. सांगायला अगदी सोपं होतं, एका वाक्यात मिटलं असतं. तिनं बाळ मावशींच्या हातात दिलं, आतल्या खोलीत गेली, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच सलग चार तास झोपली.